बाप्तिस्मा: एक शब्द आणि नागपूरचे ऐक्य

ख्रिस्ती ऐक्याच्या चर्चेत एक गृहीत वारंवार डोकावते: ज्यांचा धर्मग्रंथ एक आहे, त्यांचे त्या ग्रंथाच्या अर्थावर एकदा एकमत झाले, की त्यांच्या मंडळ्या आपोआप एकत्र येतील. 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' या मंडळीचा इतिहास या गृहीताला फारसा दुजोरा देत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या विलीन होऊन ती स्थापन झाली, तेव्हा त्यांपैकी एकीनेही वादग्रस्त वचनांचा आपला अर्थ सोडून दिला नव्हता. आपला अर्थ न मानणारा मनुष्यही त्याच ग्रंथाशी प्रामाणिक असू शकतो, एवढेच प्रत्येकीने मान्य केले होते, आणि लखनौ येथे १९२९ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटींना हे 'एवढेच' पदरात पडण्यासाठी चार दशके लागली.

या वादाचा सर्वांत अवघड भाग एका शब्दात सापडतो. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये 'बाप्तिझो' हे क्रियापद बुडवणे, बुचकळणे या अर्थाने येते आणि ख्रिस्ती जीवनात प्रवेश देणाऱ्या जलविधीचे बाप्तिस्मा हे नाव त्यावरूनच पडले आहे. बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या मते हा विधी आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करू शकणाऱ्या व्यक्तीवरच, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवूनच, व्हावयास हवा. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट या मंडळ्या मात्र तान्ह्या मुलाच्या मस्तकावर पाणी ओतून किंवा शिंपडून तो करीत आल्या. अशा स्थितीत भाषांतरकाराने त्या क्रियापदासाठी 'बुडवणे' हा शब्द घातला, की भाषांतराचा निवाडा होतो. बंगालीच्या बाबतीत हेच घडले. विल्यम येट्स या कलकत्त्यातील बॅप्टिस्ट मिशनऱ्याच्या बंगाली भाषांतरात बुडवण्याचा अर्थ स्पष्टपणे आणला असल्यामुळे लंडनच्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्याला साहाय्य नाकारले, १८३६ मध्ये अमेरिकन बायबल सोसायटीनेही तोच पवित्रा घेतला, आणि तेथील बॅप्टिस्टांनी वेगळी चूल मांडून आपली स्वतंत्र बायबल संस्था काढली; इंग्लंडमधल्या बॅप्टिस्टांनी १८४० मध्ये त्यांचाच कित्ता गिरवला. कलकत्त्यातल्या एका क्रियापदापायी दोन खंडांतील छापखान्यांचे अर्थकारण बदलले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

प्रचलित मराठी बायबलात हा ग्रीक शब्द 'बाप्तिस्मा' या रूपात जवळजवळ तसाच ठेवला आहे. भाषांतराच्या काटेकोर कसोटीवर याला पळवाटच म्हणावे लागेल, कारण तो शब्द प्रथमच ऐकणाऱ्या मराठी माणसाला त्यातून ना बुडवणे कळते ना शिंपडणे. तथापि याच अपारदर्शकपणामुळे अहमदनगरचा काँग्रिगेशनल, नाशिकचा अँग्लिकन आणि डहाणूकडचा ब्रदरन अशा वेगवेगळ्या मंडळ्यांचे तिघेही एकच पोथी उघडून आपापला विधी करू शकले.

शब्द मोकळा ठेवला तरी वचने उरतातच. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै येथील बंदिशाळेचा अधिकारी मध्यरात्रीच्या भूकंपानंतर तेथे कैदेत असलेल्या पौलाच्या व त्याच्या सोबत्याच्या पाया पडतो, त्यांच्या जखमा धुतो, आणि त्याच रात्री त्याचा व त्याच्या घरच्या सर्वांचा बाप्तिस्मा होतो. बालबाप्तिस्म्याचे समर्थक 'घरच्या सर्वां'वर बोट ठेवतात, कारण त्या काळच्या कुटुंबात लहान मुले नव्हती असे मानणे त्यांना अवघड वाटते. विरोधक लगतच्याच ओळी दाखवतात, कारण तेथे घरातल्या सर्वांना वचन सांगितले गेले आणि घर आनंदित झाले असे येते, आणि तान्ह्या मुलाला उपदेश कसा करणार, हा त्यांचा प्रश्न आहे. दोन्ही पक्ष मजकुराला धरूनच बोलतात. तिसरा पक्ष ब्रदरन मंडळीचा आहे, आणि तिचा मुद्दा बुडवण्याच्या रीतीचा आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशी तीन नावे येतात, म्हणून हे लोक गुडघे टेकलेल्या माणसाला पुढच्या बाजूस तीनदा बुडवतात. बॅप्टिस्ट एकदाच, मागे लववून बुडवतात. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तीही ब्रदरन आज्ञाच मानतात आणि प्रीतिभोजाच्या वेळी एकमेकांचे पाय खरोखर धुतात, तर इतर बहुतेक मंडळ्या त्या प्रसंगातून नम्रतेचा धडा घेऊन पुढे जातात. अक्षरशः पाळावयाचे काय आणि बोध घेऊन सोडावयाचे काय, याची सीमारेषा ग्रंथाने स्वतः आखून दिलेली नाही, हे यावरून दिसते.

नागपूरला प्रत्यक्षात आलेल्या ऐक्ययोजनेने बालबाप्तिस्मा आणि विश्वासबाप्तिस्मा हे दोन्ही पर्यायी, समान मान्यतेचे विधी ठरवले. पहिल्यात मूल मोठे झाल्यावर त्याने विश्वासाचा जाहीर स्वीकार करावा, दुसऱ्यात तो स्वीकार आधी आणि पाणी नंतर. ज्या पाळकाची सदसद्विवेकबुद्धी बालबाप्तिस्म्याला राजी नसेल, त्याने दुसऱ्या पाळकास बोलवावे. वरवर पाहता हा व्यवहारी तोडगा आहे, परंतु त्यामागे एक धर्मशास्त्रीय विधान दडले आहे: हा प्रश्न ग्रंथाने निर्णायकपणे सोडवलेला नाही, हेही ग्रंथाचे एक वाचनच होय. बॅप्टिस्ट परंपरेला हे मानणे अँग्लिकनांपेक्षा कितीतरी जड गेले असले पाहिजे, कारण बॅप्टिस्टांचे स्वतंत्र अस्तित्वच या एका मुद्द्यावर उभे होते.

अँग्लिकनांची अडचण दुसरीकडे होती. प्रेषितांपासून अखंड चालत आलेल्या बिशपपरंपरेतून दीक्षा न मिळालेल्या पाळकाला ते आपल्या वेदीवर उभे करीत नसत, आणि शास्त्राधारे चाललेल्या मंडळीला बिशप हवाच असे काँग्रिगेशनल लोकांना मुळीच वाटत नव्हते. दक्षिण भारताच्या मंडळीने १९४७ मध्ये जुन्या पाळकांना आहे तसेच स्वीकारून पुढच्या सर्व दीक्षा बिशपांकडे सोपवल्या होत्या. उत्तरेने काळावर भिस्त न ठेवता आरंभीच सर्व परंपरांच्या सेवकांनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवावेत असे ठरवले. हे हात म्हणजे नवी दीक्षा की केवळ आशीर्वाद, हे त्या विधीत मुद्दाम सांगितलेले नाही; ज्याला जे कमी असेल ते देवाने द्यावे, असा त्या प्रार्थनेचा रोख होता. ही संदिग्धता टीकाकारांना लबाडी वाटली. वस्तुतः बाप्तिस्मा हा शब्द मराठीत जे काम करीत होता, तेच येथे मौनाने केले.

अर्थात सर्वांना ते मानवले नाही. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी शेवटच्या टप्प्यावर बाजूला झाली. ब्रदरनांमधल्या ऐक्यविरोधी गटाने जुन्या मंडळीच्या मालमत्तेवर आपला हक्क सांगितला आणि गुजरातेतील तो दावा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचून २००५ मध्ये त्यावर निर्णय झाला. त्या निकालात मुख्य ऊहापोह झाला तो सार्वजनिक विश्वस्त कायद्यासमोर दिवाणी न्यायालयाचा अधिकार कोठवर चालतो याचा, आणि माणसाला एकदा बुडवावे की तीनदा, हा प्रश्न न्यायाधीशांपुढे आलाच नाही.