चाकांवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. आज येथें तर उद्यां तेथें अशा माणसाविषयीं ती बहुधा थट्टेनें वापरतात. परंतु अमेरिकेंत हजारों वयस्क स्त्रीपुरुषांनीं असें बिऱ्हाड जाणूनबुजून पत्करलें आहे. मोटारीच्या मागें जोडून ओढावयाचें, पांच-सहा मीटर लांबीचें एक छोटें घर ते विकत घेतात, राहतें घर विकतात किंवा सोडतात, आणि बारा महिने त्या चाकांवरच्या घरांत संसार करतात. या घराला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात.

ही कल्पना नवी नव्हे. १९३० नंतरच्या मंदीच्या दशकांत तेथें अशा ट्रेलरांचा प्रसार झाला. एअरस्ट्रीम कंपनीचा ॲल्युमिनियमचा, चंदेरी ‘क्लिपर’ १९३६ सालीं बाजारांत आला. पुढें २००८ च्या आर्थिक संकटांत अनेकांचीं घरें गेलीं, आणि हौसेच्या या वाहनाला निवाऱ्याचें रूप आलें. जेसिका ब्रूडर या लेखिकेनें २०१७ सालीं ‘नोमॅडलँड’ या पुस्तकांत अशा लोकांची हकीकत लिहिली. तीवरून क्लोई झाओ यांनीं केलेल्या चित्रपटाला २०२१ सालीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळालें. चित्रपटांतील माळरानें आणि सूर्यास्त मन ओढून घेतात. परंतु असें बिऱ्हाड थाटण्यापूर्वीं जमाखर्चाची वही उघडावी लागते, आणि तेथें पुष्कळांचा एक गैरसमज होतो. घरभाडें वांचलें, असें ते समजतात. वस्तुतः भाडें निराळ्या नांवांनीं चालूच राहतें.

आरंभ वजनापासून करावा. प्रत्येक ट्रेलरवर कारखान्यानें एक पट्टी लावलेली असते. गाडीला जास्तींत जास्त किती वजन चालेल, तें तींत लिहिलेलें असतें. समजा, ही मर्यादा १,६०० किलो आहे आणि रिकामा ट्रेलर १,३०० किलोचा आहे. म्हणजे संसारासाठीं ३०० किलो उरले. शंभर लिटरची पाण्याची टांकी भरली कीं त्यांतील १०० किलो गेले. गॅसचे दोन भरलेले सिलिंडर ३४ किलो आणि शिशाची एक बॅटरी २६ किलो धरली, तर उरले १४० किलो. त्यांत दोघांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडीं, शिधा, औषधें, अवजारें आणि पुस्तकें बसवावयाचीं. चाळीस वर्षांच्या संसारांतून एवढेंच निवडणें सोपें नाहीं. म्हणून या कामाला घर सोडण्यापूर्वीं कांहीं महिने द्यावे. सामान रचतांना एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या आंकड्यावर राहील असें पाहावें. तो कमी पडल्यास भरधांव मोटारीमागें ट्रेलर डोलूं लागतो आणि अपघात ओढवतो.

पाणी आणि वीज यांचाही असाच हिशेब आहे. दोघांनीं रोज २० लिटरवर भागविलें, तर शंभर लिटर पाणी पांच दिवस पुरतें. शिवाय मोरीचें आणि संडासाचें पाणी ज्या टांक्यांत सांठतें, त्या ठराविक जागींच रिकाम्या कराव्या लागतात. बारा व्होल्टच्या, शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरींत १,२०० वॅट-तास वीज मावते. परंतु शिशाची बॅटरी निम्म्याखालीं उतरविली कीं तिचें आयुष्य घटतें, म्हणून हातीं ६०० वॅट-तासच आहेत असें समजावें. तेवढ्यावर दिवे, पंखा आणि फोन चालतात. हवा थंड करणारें यंत्र चालत नाहीं. तें हवें असेल, तर वीज पुरविणाऱ्या तळावर पैसे देऊन राहावें लागतें. भाड्याचें हें पहिलें रूप होय.

सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट राहतां येतें, हें खरें. पश्चिमेकडील राज्यांत भूमि-व्यवस्थापन खात्याच्या बहुतेक मोकळ्या जमिनींवर २८ दिवसांच्या अवधींत १४ दिवस मुक्काम करण्याची मुभा असते. ॲरिझोनांतील क्वार्ट्झसाइट गांवाजवळच्या वाळवंटांत १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सबंध हंगाम राहण्याचा परवाना २०२४ सालीं १८० डॉलरला मिळत होता. परंतु तेथें जागेवर वीज नसते. आणि दर चौदा दिवसांनीं तळ हलवावयाचा म्हटलें कीं पेट्रोल आलें. ट्रेलर ओढणारी मोटार लिटरला पांच किलोमीटर जाते आणि पेट्रोलचा भाव लिटरला ९० सेंट आहे, असें धरूं. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणाऱ्या दांपत्याला ३०० लिटर, म्हणजे २७० डॉलरचें पेट्रोल लागेल. ५०० किलोमीटर फिरणाऱ्याला ९० डॉलरचें. म्हणून जुने जाणते प्रवासी थोडें फिरतात आणि एकेका जागीं महिना महिना राहतात. महिन्याच्या ठरावानें तळाचें भाडेंही पुष्कळ कमी पडतें.

भाड्याचें दुसरें रूप म्हणजे घसारा. जमिनीवरच्या घराची किंमत बहुधा वाढते, कारण त्याखालीं जमीन असते. ट्रेलरची किंमत वर्षागणिक उतरते. २०,००० डॉलरला घेतलेल्या ट्रेलरचे दहा वर्षांनीं ६,००० आले असें मानलें, तर १४,००० डॉलर झिजले. म्हणजे दरमहा सुमारें ११७ डॉलर, कोणीही पावती न फाडतां, गेले. टायर वरून शाबूत दिसले तरी वयानें निकामी होतात. पांच ते सात वर्षांनीं ते बदलावे लागतात. छताच्या सांध्यांतून पाणी झिरपलें, तर आंतलें लांकूड सडतें. आणि साधी मोटार दुरुस्तीला गेली तर माणूस घरीं बसतो. ट्रेलर दुरुस्तीला गेला तर बसावयाला घरच उरत नाहीं. यासाठीं दुरुस्तीच्या रकमेंत कारागिराच्या मजुरीबरोबर त्या दिवसांचा हॉटेलचा खर्चही धरावा. विमाही बारमाही राहणाऱ्यांसाठीं असलेला निराळाच घ्यावा लागतो.

परंतु सर्वांत महत्त्वाची रक्कम पुष्कळांच्या वहींत लिहिलेलीच नसते. ती म्हणजे परतीची गंगाजळी. साठाव्या वर्षीं जे गुडघे ट्रेलरची पायरी सहज चढतात, ते पंचाहत्तराव्या वर्षीं चढतीलच असें नाहीं. ट्रेलर मागें घेऊन जागीं लावणाऱ्या नवऱ्याची दृष्टि मंदावते. किंवा दोघांपैकीं एकजण जातो, आणि मागें राहिलेल्या बायकोला तो ट्रेलर मोटारीला जोडतांही येत नाहीं. त्या वेळीं चार भिंतींचें लहानसें घर भाड्यानें घ्यावयाचें, तर अनामत हवी, पहिल्या महिन्याचें भाडें हवें, आणि खाटेपासून पातेल्यापर्यंत सारें नव्यानें हवें. दरम्यान पूर्वीं विकलें तसलें घर पुन्हा विकत घेणें बहुधा आवांक्याबाहेर गेलेलें असतें. म्हणून ही रक्कम घर विकतांच, ट्रेलरचे पैसे मोजण्यापूर्वीं, वेगळी काढून ठेवावी. ती बाजूला ठेवून जें उरेल, त्यांत बसेल तेवढाच ट्रेलर घ्यावा. अंथरूण पाहून पाय पसरावे, या म्हणींतलें अंथरूण तें हेंच.

ज्यांना हा संसार मनापासून हवा आहे, त्यांनीं घर विकण्यापूर्वीं तीन महिने भाड्याच्या ट्रेलरांत राहून पाहावें, आणि त्यांतला एक महिना मुद्दाम थंडीचा किंवा पावसाचा निवडावा. रोजचा खर्च रोज लिहावा. ट्रेलर जोडावयास, सोडावयास आणि मागें घ्यावयास नवराबायको दोघांनींही शिकावें. तीन महिने संपले म्हणजे वही मधोमध ठेवून दोघांनीं समोरासमोर बसावें. गंगाजळीला हात न लावतां महिना निभत असेल, तर खुशाल निघावें. निभत नसेल, तर घर अजून आपलेंच आहे.