थंडीतले तांबडे गाल



बाहेरच्या बोचऱ्या वाऱ्यातून, कानांना मफलर आणि अंगावर शाल लपेटून, आपण या भरलेल्या सभागृहात येऊन बसलात, त्याला आता दहा-बारा मिनिटे झाली असतील, आणि एवढ्या अवधीत आपल्यापैकी काहींचे गाल तापून आले असतील, नाकाच्या शेंड्याशी चुरचुरत असेल, आणि शेजारच्या वहिनींनी “तोंड का हो असे लाल झाले?” म्हणून विचारलेही असेल. ज्यांची ही लाली अर्ध्या तासात ओसरते, त्यांच्याविषयी मला आज काही सांगावयाचे नाही. थंडीतून उबेत आल्यावर चेहऱ्यावरील रक्तवाहिन्या रुंदावणे हा शरीराचा सर्वसाधारण धर्मच आहे. परंतु ज्यांची लाली तास-दोन तास हटत नाही, दर हिवाळ्यात तिचा मुक्काम थोडा थोडा वाढत जातो, आणि काही वर्षांनी जी गालांवर वतनदारासारखी कायमची ठाण मांडून बसते, त्यांच्यासाठी आजचे हे व्याख्यान आहे.

या विकारास वैद्यकात रोझेशिया असे नाव आहे. गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मध्यभाग एवढाच त्याचा इलाखा. बहुधा तिशीनंतर तो प्रकट होतो, स्त्रियांत अधिक आढळतो, आणि मुरुमांसारखे फोड आले तरी मुरुमांतील काळ्या खिळी त्यात नसतात. पुरुषांत क्वचित नाकाची कातडी जाड होऊन तिच्यावर गाठी येतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गिर्लांदायो या इटालियन चित्रकाराचे सुमारे १४९० सालचे एक चित्र आहे. त्यात असे गाठाळलेले नाक असणारा एक वृद्ध आणि त्याच्याकडे मान वर करून पाहणारे एक लहान मूल दाखविले आहे. त्या मुलाच्या दृष्टीत किळसेचा लवलेशही नाही, निर्भेळ माया आहे. माझ्या रुग्णांपैकी जे आरशाला भिऊ लागले आहेत, त्यांना मी त्या मुलाच्या दृष्टीविषयी आवर्जून सांगतो.

हा गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे तो नाही, अशी समजूत पुष्कळ काळ रूढ होती आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या मनातही ती थोडीफार मुरली होती. ती चुकीची आहे. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या कांतीत लाली झाकली जाते, एवढाच फरक; तिथे डोळ्यांनी शोधण्यापेक्षा कानांनी ऐकावे लागते. “तोंडाची आग होते”, “कातडी ओढल्यासारखी वाटते”, “साबण लावला की चरचरते” असे रुग्ण सांगतो, आणि मग तिरप्या उजेडात पाहिले असता, काचेची पट्टी गालावर हलकेच दाबून पाहिली असता, खालची लाली आपली साक्ष देते. इकडे जबलपुरातील आपली मराठी माणसे हिंदीच्या सहवासाने या सगळ्यालाच ‘खुश्की’ म्हणतात, आणि खुश्की म्हटली की घरात जे तेल असेल ते चोळावयाचे, हा उपचार ठरलेलाच असतो.

चाळिशी ओलांडलेल्या एका शिक्षिकाबाईंचे उदाहरण सांगतो. सकाळच्या शाळेसाठी त्या साडेसहाला स्कूटरवरून निघत, वाऱ्याचा सगळा मारा चेहऱ्यावर घेत. शाळेत पोचताच वाफाळणाऱ्या चहाचा पेला दोन्ही हातांत धरून त्यावर तोंड झुकवीत. मधल्या सुटीत मैदानावर ऊन खात बसत. आणि रात्री हीटरपुढे वह्या तपाशीत. “मी तर थंडीपासून इतकी जपते,” असे त्या काकुळतीने म्हणाल्या. त्या जपत होत्या हे अक्षरशः खरे होते, आणि त्या जपण्यातच त्यांच्या दुखण्याचे मूळ होते. दिवसातून चार वेळा त्यांचा चेहरा गारठ्यातून आचेकडे आणि आचेकडून गारठ्याकडे फेकला जात होता. थंडी एकटी तितकी अपाय करीत नाही. अपाय करतो तो तिच्या आणि उष्णतेच्या मधला झोका. आज मला आपल्याला एवढी एकच गोष्ट पटवून द्यावयाची आहे, कारण पथ्याचा पुढील सारा तपशील तिच्यातूनच निघतो.

आपल्या जबलपूरचा हिवाळा तर या झोक्याचाच हिवाळा आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा नऊ-दहा अंशांपर्यंत उतरतो, मावठा पडून गेल्यावर त्याहूनही खाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी तो पंचवीस अंशांवर चढतो. पहाटे नर्मदेवर धुके असते, म्हणून हवा दमट आहे असे वाटते. परंतु १० अंशांची बाष्पाने पूर्ण भरलेली हवा एका घनमीटरात जेमतेम साडेनऊ ग्रॅम पाणी बाळगते, आणि तीच हवा २५ अंशांपर्यंत तापली म्हणजे तिची क्षमता २३ ग्रॅमची होते. म्हणजे दुपारची हवा निम्म्याहून अधिक रिकामी, आणि आपली उणीव ती जिथून मिळेल तिथून वसूल करणार. आपल्या त्वचेकडून ती ही वसुली न चुकता करते. खोली बंद करून हीटर लावला की रात्रीही हाच हिशेब चालू राहतो.

त्वचेच्या सर्वांत वरच्या, कागदाहूनही पातळ अशा थरात पाणी असते आणि ते राखण्यासाठी पेशींच्या मधोमध स्निग्ध द्रव्यांचा बांध असतो. आयर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने १९५२ साली असे दाखवून दिले की, सुकून कडक झालेली ही कातडी तेलात कितीही बुडविली तरी मऊ होत नाही, ती मऊ होते ती पाण्याने. तेलाचे काम ते पाणी उडू न देण्याचे. आपण हिवाळ्यात कोरड्या ठणठणीत, उललेल्या कातडीवर तेल थापतो, तेव्हा रिकाम्या रांजणावर झाकण ठेवतो. रोझेशियाच्या रुग्णांत हा बांध मुळातच कच्चा असतो. तो आणखी फुटला की चेहऱ्यावर काहीही लावले तरी झोंबते.

म्हणून चेहरा कोमट पाण्याने धुवावा, आणि कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूस ना गार ना गरम लागेल असे. स्नानाचे पाणी कढत असले तर तोंड त्यातून वगळावे. आपल्या त्वचेचा स्वभाव किंचित आम्ल आहे आणि नेहमीचा साबण चांगलाच क्षारधर्मी. तेव्हा चेहऱ्यास साबण न लावता सौम्य, निर्गंध क्लीन्झर वापरावा. नंतर जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याच्या तुकड्याने चेहरा टिपावा, पुसू नये. आणि कातडी अजून ओलसर आहे तोवर, दोन-तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर कपाळावर, नाकावर, हनुवटीवर आणि दोन्ही गालांवर थोडे थोडे ठेवून बोटांच्या अग्रांनी हलकेच पसरावे. पहाटे वाऱ्यात निघावयाचे असेल तर गालांवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्यावा, आणि लोकरीच्या मफलरखाली मऊ सुती कापड असू द्यावे, कारण लोकरीचे तंतू अशा कातडीला टोचतात.

आता आपल्या घरगुती उपायांविषयी, आणि हे मी आदरपूर्वक बोलतो, कारण माझ्या आजीच्या हातचे अभ्यंग मी विसरलेलो नाही. हेमंतात तेलाने अभ्यंग करावे हे आयुर्वेदाचे सांगणे अंगाच्या बाबतीत आजही तितकेच हिताचे आहे. पण तापलेला, चुरचुरणारा चेहरा हा त्या नियमाचा अपवाद मानावा. दिवाळीतील उटण्याचे घर्षण त्याला सोसत नाही. ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबू यांचे जे मिश्रण घरोघरी बाटलीत भरून ठेवलेले असते, त्यातील पाण्याने पातळ केलेले ग्लिसरीन एक वेळ चालेल, परंतु लिंबाचा रस ही फुटक्या बांधावर ओतलेली आम्लाची धार आहे. भोसल्यांच्या अमदानीपासून, म्हणजे १८१७ साली इंग्रजांचा अंमल बसण्याच्याही आधीपासून, या मुलखात राहणाऱ्या मराठी घरांनी शेजाऱ्यांच्या पुष्कळ गोष्टी आपल्याशा केल्या, त्यांत मोहरीचे तेलही आले. तथापि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांच्या त्वचेवरील प्रयोगांत मोहरीच्या तेलाने त्वचेचा बांध भरून येण्यास विलंब लागला आणि सूर्यफुलाच्या तेलाने तो लवकर भरला, असे आढळले. मोहरीचे तेल स्वयंपाकघरात राहू द्यावे. कोकणातून कोणी भिरंडेल, म्हणजे कोकमाचे तेल, पाठविले तर ते ओठांना आणि टाचांना लावावे. तिथे त्याच्यासारखे दुसरे नाही.

चहा सोडावा काय, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विल्किन या संशोधकाने १९८१ साली अशा रुग्णांना ६० अंशांची कॉफी, ६० अंशांचे नुसते पाणी आणि २२ अंशांची कॉफी देऊन पाहिले. गरम पाण्याने चेहरा गरम कॉफीइतकाच लाल झाला आणि निवालेल्या कॉफीने मुळीच झाला नाही. दोष उष्णतेचा आहे. तेव्हा चहा खुशाल घ्यावा, पण बशीत ओतून, निववून. आणि पेल्याच्या वाफेवर तोंड धरू नये. मटारची झणझणीत उसळ आणि मद्य यांचे मात्र प्रत्येकाने स्वतःशी खाते ठेवावे: काय खाल्ले-प्यायले, कुठे बसलो, किती वेळाने गाल तापले, एवढे तीन रकाने महिनाभर भरले तर आपला शत्रू कोण हे डॉक्टरांच्या आधी आपल्यालाच कळते.

उन्हाविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. या शहराच्या किंचित उत्तरेकडून कर्कवृत्त जाते; दक्षिणायनाच्या शेवटच्या दिवशीही सूर्य आपल्याकडे माध्यान्ही ४३ अंश वर असतो, आणि त्याचे कोवळे म्हणून जे ऊन आपण अंगणात बसून तासन्‌तास खातो, ते या विकारास चेतविणाऱ्या कारणांत अग्रभागी आहे. ऊन पाठीवर घ्यावे, तोंड सावलीत ठेवावे, आणि झिंक ऑक्साइड असलेले, किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन हिवाळ्यातही लावावे. शेकोटीलाही हाच न्याय: ग्वारीघाटावर माघातले पहाटस्नान करून जे शेकोटीकडे धावतात, त्यांनी हात-पाय शेकावेत, चेहरा वळवून ठेवावा.

औषधे आहेत आणि ती गुणकारी आहेत: मेट्रोनिडाझोल, अझेलेइक आम्ल, आयव्हरमेक्टिन यांची मलमे, प्रसंगी पोटातून डॉक्सिसायक्लिन, आणि ठळक झालेल्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी लेसर. त्यांची निवड आणि मुदत ठरविणे वैद्याचे काम. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपत असेल, पापण्यांच्या कडा सुजत असतील, तर नेत्रवैद्यास दाखवावे, कारण हा विकार डोळ्यांतही उतरतो. आणि लालीबरोबर सांधे दुखत असतील, बारीक ताप येत असेल, तर तो रोझेशिया नसून ल्यूपससारखा निराळा आणि गंभीर रोग असण्याचा संभव आहे, तेव्हा विलंब लावू नये.

शेवटी जे सांगावयाचे आहे, त्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले. त्या शिक्षिकाबाई माझ्याकडे येण्यापूर्वी दोन वर्षे एक मलम लावीत होत्या; मैत्रिणीने सुचविलेले, दुकानातून चिठ्ठीवाचून मिळालेले. पहिल्या आठ दिवसांत लाली गेली, वर्ण उजळला, आणि शाळेत सगळ्यांनी विचारले की काय लावता. त्या मलमात स्टेरॉइड होते. ते रक्तवाहिन्या आवळून धरते, म्हणून चेहरा गोरा दिसतो. पण महिनोन्‌महिने लावल्याने कातडी झिजून पातळ होते, आवळलेल्या वाहिन्या कायमच्या सैल पडतात, आणि एक दिवस जरी लावावयाचे राहिले तरी चेहरा दुप्पट आगीने पेटतो, तेव्हा माणूस पुन्हा त्याच मलमाकडे धावतो. ज्याला रोझेशिया आहे त्याचा तो बळावतो, ज्याला नव्हता त्यालाही हुबेहूब तसाच विकार जडतो. आपल्या देशात याचे प्रमाण इतके वाढले की त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेला त्याविरुद्ध स्वतंत्र कृतिदल उभारावे लागले, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांची मलमे अनुसूची एचमध्ये घालून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून त्यांची विक्री बेकायदा ठरविली. कायदा झाला, चिठ्ठीवाचून विक्री अजून थांबलेली नाही, हे मी रोज पाहतो. गोरेपणाच्या लोभाने आपल्या लेकी-सुनांचे चेहरे आपणच जाळीत आहोत.

माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. आज घरी गेल्यावर आरशापुढची ट्यूब उचला, चष्मा लावून तिच्यावरील बारीक अक्षरे वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ती एकाएकी बंद करू नका, कारण त्यानेही चेहरा भडकतो. ती ट्यूब तशीच पिशवीत घाला आणि या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा.