चिमणीचा मलेरिया
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. ते मी ऑफिसात रोज बोलते आणि आमच्याकडे तो विषय निघाला की सगळेच बोलतात, ऐकत कोणी नाही. म्हणून परवानगी घेऊन विषय बदलला. गेली काही वर्षं रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून फिरायचा नाद मला लागलाय. त्या नादातून कळलेलं थोडं सांगते.

विज्ञानाच्या तासाला आपण पाठ केलं होतं: रोनाल्ड रॉस, मलेरिया, डास, नोबेल 1902. त्यात चिमणी नव्हती. 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादला रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी दिसला, इथपर्यंत आपल्याला माहीत असतं. पण डासाच्या पोटातून तो पुढच्या रोग्याच्या रक्तात कसा पोचतो, हे कोडं तेव्हा सुटलेलंच नव्हतं. 1898 मध्ये रॉस कलकत्त्याला आले. प्लेगच्या धास्तीचे दिवस होते. सरकारी डॉक्टर सुई घेऊन आला की लोक पळून जात, रक्त कोण देणार? मग रॉस पक्ष्यांकडे वळले. पक्ष्यांनाही त्यांचा स्वतःचा मलेरिया होतो. मोहम्मद बक्स नावाचा सहायक डास आणि पक्षी सांभाळायचा. त्या जुलैत रॉस यांना डासाच्या लाळग्रंथीत परजीवी सापडले आणि तेच डास चावलेल्या निरोगी चिमण्या आजारी पडल्या. डास चावताना रोग देतो, हे आधी चिमणीवर सिद्ध झालं. माणसाच्या मलेरियाचं तेच चक्र इटलीतल्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षाअखेर दाखवलं.

कलकत्त्यातली ही जोडी लक्षात ठेवा. डास क्युलेक्स, म्हणजे आपल्या गटारात वाढणारा, हत्तीरोग पसरवणारा. परजीवी प्लाझमोडियम रेलिक्टम. हा माणसाला होत नाही. घाबरू नका.

आता एकदम हवाई बेटांवर जाऊ, कारण हीच जोडी तिथेही पोचली. त्या बेटांवर मुळात डासच नव्हते. 1826 च्या सुमारास जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून क्युलेक्स उतरला. परजीवी पुढे बाहेरून आणलेल्या पाळीव आणि शोभेच्या पक्ष्यांबरोबर आला. चिमणी या परजीवीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिलीय. आजारी पडते, बहुधा सावरते आणि रक्तात थोडे जंतू बाळगून जगते. हवाईच्या हनीक्रीपर या गाणाऱ्या पक्ष्यांची त्याच्याशी ओळखच नव्हती. एकेकाळी त्यांच्या 50 हून अधिक जाती होत्या, आज 17 च्या आसपास उरल्यात. जंगलतोड, उंदीर, मांजरं यांचाही त्यात वाटा आहे. पण ईईवी नावाच्या लाल पक्ष्यावर प्रयोग झाले, तेव्हा रोगट डासाच्या एकाच चाव्याने सुमारे 90 टक्के पक्षी मेले. अमाकिही नावाच्या दुसऱ्या जातीत मात्र सखल भागातले काही पक्षी आता हा रोग सोसायला लागलेत. सगळ्यांना तेवढा वेळ मिळेल असं नाही.

कंपनीच्या कामासाठी कॅलिफोर्नियात होते, तेव्हा सुट्टी काढून माउई बेटावर गेले. समुद्रकिनाऱ्यावर घामाघूम आणि दीड तास गाडीने वर चढल्यावर स्वेटर घालावा लागला. तिथे, साधारण 2,000 मीटरवर, ईईवी दिसला. चोच विळ्यासारखी वाकडी आणि आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. खरं सांगायचं तर गाणं वगैरे काही नाही! पण तो खाली कुठेच नव्हता, फक्त थंडीत होता. तापमान 13 अंशांच्या खाली गेलं की डासाच्या शरीरात परजीवीची वाढ थांबते. म्हणून साधारण 1,500 मीटरच्या वरचं जंगल हा या पक्ष्यांचा आसरा. हवा तापतेय, तशी ही रेषा वर सरकतेय. काउआई बेटाचं सर्वोच्च शिखर 1,598 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून ठेंगणं. तिथल्या पक्ष्यांना वर जायला डोंगरच उरलेला नाही. अकिकिकी नावाचा तिथला पक्षी 2023 मध्ये जंगलात पाचच उरला होता. बाकीचे पिंजऱ्यात सांभाळलेत.

उपाय चालू आहे आणि तो आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतो. डासांच्या शरीरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो. वेगळ्या जातीचा वोल्बाकिया असलेले नर डास प्रयोगशाळेत वाढवून हेलिकॉप्टरने जंगलात सोडतात. नर चावत नाहीत. जंगलातल्या मादीशी त्यांचा संग झाला, तरी अंडी उबत नाहीत. दोन्हीकडचं व्हर्जन जुळत नाही, बस्स. माउईवर 2023 पासून दर आठवड्याला लाखो नर सोडतायत. एकदा सोडून भागत नाही, सोडतच राहावं लागतं. म्हणजे देखभालीचा करार, आणि पैसे कुठवर पुरतील हा प्रश्न.

आपल्या वर्गातला एक डॉक्टर आदिवासी भागात काम करतो. हे ऐकून तो म्हणाला, “अगं, माझ्याकडे मुलं तापाने फणफणतायत आणि तू पाखरांसाठी हेलिकॉप्टर उडवतेस?” प्रश्न रास्त आहे. चिमण्यांमुळेच तुझ्या रोगाचं चक्र कळलं, असं उत्तर मी देऊ शकले असते. दिलं नाही. कारण ईईवीपासून माणसाला फायदा होईलच असं नाही, आणि नाही झाला तरी तो वाचावा असं मला वाटतं. तिथे डास निसर्गाने नेला नाही, आपल्या जहाजांनी नेला. शिवाय हेलिकॉप्टरचे पैसे वाचले, तर ते त्याच्या दवाखान्यात येतील असं त्यालाही वाटत नाही. आमचं अजून पटलेलं नाही. जेवताना पुन्हा भांडू.

आपल्याकडच्या पक्ष्यांची तशी गत नाही. हिमालयातल्या पक्ष्यांच्या रक्तात असे परजीवी सापडलेत, पण तिथे ओळख जुनी आहे. तरी उन्हाळ्यात गॅलरीत पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवणारे इथे बरेच जण असतील. त्यात क्युलेक्स मजेत अंडी घालतो आणि साधारण आठवड्याभरात त्यांचे डास होतात. दोन दिवसांआड पाणी ओतून द्या आणि भांडं आतून खसाखसा घासा, अंडी कडेला चिकटलेली असली तर निघून जातील.