जोडीनं चालणारे शब्द
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



शंभर वर्षांचा इतिहास सांगणारी जाणती मंडळी इथं बसली आहेत. मी आपला 40 वर्षांचा टाळकरी. चालता चालता जे कानावर पडलं, तेवढंच बोलतो.

आपण 'टाळ-मृदंग' म्हणतो. 'मृदंग-टाळ' कुणी म्हणत नाही. तसंच ऊन-पाऊस, चटणी-भाकरी, लेकी-सुना. हा क्रम पुस्तकानं ठरवला नाही. चालून चालून पायवाट पडते, तशी बोलून बोलून ही जोडी पडली.

काही शब्द तर एकटे उभेच राहत नाहीत. 'गोडधोड' मधलं 'धोड' म्हणजे काय? 'शेजारीपाजारी' मधला 'पाजारी' कुठं राहतो? एकट्याला अर्थ नाही. पण जोडीला आला की गोडाचा सण होतो, शेजाऱ्याची सगळी आळी होते. संगतीचा महिमा तो हाच.

सगळ्यात मोठी जोडी आपल्या मुखात आहे, 'ज्ञानोबा-तुकाराम'. माउलींची समाधी 1296 सालची, तुकोबांचं वैकुंठगमन 1650 सालचं. मधे साडेतीनशे वर्षं! देहानं भेट नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली दोघांच्या पादुका एकत्र घेऊन पालखी सोहळा सुरू केला. पुढं हैबतबाबांनी आळंदीचा सोहळा स्वतंत्र लावला. आज पुण्यातून एक पालखी दिवे घाट चढते, दुसरी लोणी काळभोरच्या वाटेला लागते. वाटा दोन झाल्या, पण घोष दोन्हीकडं एकच.

हे आज का सांगतो? आपल्या दिंडीतही राहुट्यांवरून रुसवेफुगवे झालेत, वेगळं होण्याची भाषा कानावर येते. मीही एकदा रुसून दुसऱ्या दिंडीत गेलो होतो. गावात माझं आणि माझ्या जोडीच्या टाळकऱ्याचं नाव लोक एका दमात घेत. त्या वारीत वाटेवर एका ओळखीच्यानं सवयीनं दोघांना हाक मारली. ओ द्यायला मी एकटा! पुढच्या आषाढीला परत आलो, गड्याच्या पाया पडलो. त्यानंतर तीन वाऱ्या जोडीनं झाल्या. मग तो गेला. आजही कुणी चुकून दोन्ही नावं घेतली, की दोघांच्या वतीनं मीच ओ देतो.

पोरांनो, राहुट्या दोन करा, चुली दोन मांडा. पण नाव एका दमात घ्या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!