घरबसल्या रोपांचा शोध



आपल्या घरांत खिडकीच्या कट्ट्यावर चार कुंड्या असोत, गच्चीवर दोन-चार वाफे असोत, किंवा तुळशीवृंदावनाभोंवतीं हातभर माती असो, तेथें कांहीं तरी हिरवें वाढत असावें अशी इच्छा बहुतेक कुटुंबांत असतेच. पूर्वीं ती पुरी करण्याचे मार्ग मोजके होते. शेजारच्या घरून फांदी मागून आणावी, माहेराहून परत येणाऱ्या सुनेनें पदराच्या गांठीस चार बिया बांधून आणाव्या, रोपवाटिकेंतील माळ्यास दोन प्रश्न विचारावे, आणि पुढचें दैवावर सोंपवावें. आज तसें राहिलेलें नाहीं. मोबाइलच्या पडद्यावर दोन अक्षरें उमटवलीं, कीं दूरदूरच्या बागांचीं छायाचित्रें, झाडांचीं नांवें, खतांचे भाव आणि बियाण्यांचीं पाकिटें यांची रांगच डोळ्यांपुढें उभी राहते. विकत घ्यावयाचें तर घराबाहेर पाऊल टाकण्याचेंही कारण पडत नाहीं. पार्सल दारांत येतें.

ही सोय लहान नव्हे. परंतु ज्या बाजारांत पान उलटून, माती दाबून, मुळी हातांत घेऊन पाहतां येत नाहीं, त्या बाजारांत गिऱ्हाइकाचें ज्ञान हेंच त्याचें मुख्य संरक्षण असतें. म्हणून या सोयीचा उपयोग कसा करावा, आणि करतांना कोठें जपावें, याविषयीं कांहीं गोष्टी आज आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

पहिली गोष्ट नांवाची. शोध घ्यावयाचा तो नांवानेंच घ्यावा लागतो. आणि आपल्या भाषेंतील झाडांचीं नांवें गोड असलीं तरी नेमकीं असतातच असें नाहीं. 'चाफा' हाच शब्द घ्या. सोनचाफा हा मॅग्नोलियाच्या कुळांतला मोठा वृक्ष. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळांतला. तो आपल्या आंकड्यांनीं आधार धरून चढतो. देवळापुढें दिसणारा पांढरा खुरचाफा कण्हेरीच्या कुळांतला, अंगांत चीक असलेला, आणि मूळचा अमेरिका खंडांतला. नागचाफा हा अतिशय कठीण लाकडाचा वृक्ष. भुईचाफा तर आल्या-हळदीचा भाऊबंद. त्याचें फूल थेट जमिनींतून वर येतें. नांव एक, पण कुळें पांच! 'चाफ्याचें रोप पाहिजे' एवढेंच लिहून पैसे भरणाऱ्या गृहस्थाच्या दारांत यांपैकीं कोण येऊन उभा राहील, हें सांगणें कठीण आहे.

ब्रह्मकमळाचेंही तसेंच आहे. हिमालयाच्या उंच उतारांवर फुलणारें खरें ब्रह्मकमळ वेगळें. तें सूर्यफुलाच्या कुळांतलें आहे आणि पुण्या-मुंबईच्या हवेंत जगत नाहीं. आपल्या गॅलरींत रात्रीं उमलून पहांटे मिटणारें आणि घरोघर ज्याची पूजा होते, तें निवडुंगाच्या कुळांतलें असून मेक्सिकोकडून आलेलें आहे. त्याचें रोप महाग किंमत देऊन मागविण्याचें कारणच नाहीं; शेजाऱ्याकडील एक जाड पानासारखी फांदी मातींत खोंवली, कीं तिला मुळें फुटतात.

या घोटाळ्यावरचा उपाय जुनाच आहे. स्वीडनच्या लिनिअसनें १७५३ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचें लॅटिन नांव देण्याची पद्धत रूढ केली. तें नांव उच्चारावयास जड वाटलें तरी टिपून ठेवावें. सोनचाफा म्हणजे मॅग्नोलिया चंपाका. जुन्या पुस्तकांत तोच मायकेलिया चंपाका या नांवानें सांपडतो; कारण शास्त्रज्ञ मधून मधून नांवें बदलतात. लंडनजवळील क्यू येथील वनस्पति-उद्यानानें जगांतील वनस्पतींची जी सूची इंटरनेटवर विनामूल्य ठेविली आहे, तींत जुनें नांव घातलें तरी नवें समजतें, आणि तें झाड मूळचें कोठलें हेंही कळतें. भारतांतील फुलांसाठीं 'फ्लॉवर्स ऑफ इंडिया' हें संकेतस्थळ आणि 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल' उपयोगी आहेत. जुन्या ग्रंथांची गोडी असणाऱ्यांस थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील, १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झालेला ग्रंथही आज घरबसल्या वाचावयास मिळतो. एके काळीं मोठ्या ग्रंथालयाची पायरी चढल्यावांचून ज्याचें दर्शन होत नसे, तें आतां शाळेंतल्या मुलाच्याही हातीं आलें आहे.

नांव ठाऊक नसेल तर छायाचित्रावरून झाड ओळखून देणारीं 'प्लांटनेट', 'आय-नॅचरॅलिस्ट' यांसारखीं साधनेंही आहेत. तीं वापरावींत, मात्र एकट्या पानाचें चित्र देऊन भागत नाहीं. फूल, फळ, पानाची खालची बाजू, खोड आणि अख्खें झाड अशीं चित्रें द्यावींत. यंत्र जें सांगतें तो तर्क असतो, निकाल नव्हे.

तर्क आणि निकाल यांत भेद न केल्यास काय होतें, याचें गंभीर उदाहरण गुळवेलीचें आहे. करोनाच्या सांथींत अनेक घरांत गुळवेलीचा काढा होऊं लागला. २०२१ सालीं मुंबईंतील डॉक्टरांनीं असें प्रसिद्ध केलें, कीं गुळवेल घेतलेल्या कांहीं रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचें आढळलें. पुढें २०२२ सालीं केंद्राच्या आयुष मंत्रालयानें खरी गुळवेल निर्धोक असल्याचें सांगून, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नांवाची दुसरी वेल घातक ठरूं शकते असा इशारा दिला. या वादाचा निर्णय करणें तज्ज्ञांचें काम आहे. आपण घेण्याचा धडा एवढाच, कीं पडद्यावरील चित्राच्या किंवा विक्रेत्याच्या शब्दाच्या भरंवशावर कोणतेंही पान, मूळ अथवा बी पोटांत घालूं नये. बागेंत लावलेलें चुकीचें झाड उपटतां येतें. पोटांत गेलेलें चुकीचें पान परत येत नाहीं.

दुसरी गोष्ट हवेची. बागेविषयीं इंटरनेटवर जें लिहिलेलें सांपडतें, त्यांतील मोठा भाग इंग्लंड-अमेरिकेंतील बागवानांनीं आपल्या हवेस धरून लिहिलेला असतो. तो असत्य नसतो, परंतु आपला नसतो. 'शेवटचें धुकें-हिंव सरल्यावर बी पेरा' हा उपदेश रत्नागिरीच्या माणसानें काय करावा? 'भरपूर ऊन द्या' हें लंडनच्या कोंवळ्या उन्हास शोभतें. नागपूरच्या मे महिन्यांतील दुपारीं त्याच रोपास हिरव्या जाळीची सावली द्यावी लागते. अमेरिकन पाकिटांवर हवामानाच्या विभागाचा एक क्रमांक असतो. तो क्रमांक वर्षांतील नीचतम तपमानाच्या सरासरीवरून ठरविलेला असून, उन्हाळा किती कडक किंवा पाऊस किती, याविषयीं तो एक अक्षरही सांगत नाहीं.

कांद्याचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. कांदा गड्डा धरतो तो दिवसाची लांबी पाहून. थंड देशांतील लांब दिवसांच्या जातींस चौदा तासांहून अधिक उजेड लागतो. आपल्या महाराष्ट्रांत जून महिन्यांतला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांपलीकडे जात नाहीं. अशा परदेशी जातीचें बी येथें पेरलें, तर पात हिरवीगार येईल, पण गड्डा धरणार नाहीं. यांत खत कमी पडलें असें समजून खत ओतीत राहणें व्यर्थ होय. दोष खताचा नसून अक्षांशाचा आहे.

म्हणून आपल्या हवेचें ज्ञान आपल्याच संस्थांकडून घ्यावें. राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी येथील कृषि विद्यापीठांची माहिती मराठींत आहे. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्था आपल्या 'अर्का' या नांवाच्या वाणांचें बियाणें ऑनलाइनही विकते. प्रथम येथें पाहावें, मग जगभर हिंडावें.

तिसरी गोष्ट विक्रेत्याची. निळ्या गुलाबाच्या बिया, एकाच फुलांत सात रंग दाखविणाऱ्या गुलाबाच्या बिया, अशीं चित्रें अनेकांनीं पाहिलीं असतील. गुलाबांत निळ्या रंगाचें विशिष्ट द्रव्य स्वभावतःच नसतें. जपानांतील सन्टोरी या कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं दुसऱ्या फुलाचें जनुक घालून २००४ सालीं जो 'निळा' गुलाब जाहीर केला आणि २००९ सालीं बाजारांत आणला, तोही वस्तुतः फिकट जांभळाच होता. मग दहा रुपयांच्या पाकिटांत निळा गुलाब कोठून येणार? शिवाय गुलाबाची जात बियांनीं राखतां येत नाहीं; ती डोळा भरून किंवा फांदी लावून राखावी लागते. हापूस आंब्याचेंही असेंच आहे: कोय लावून झाड येईल, पण तें हापूस असेलच असें नाहीं, त्यास कलमच हवें. एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेविली तर निम्मी फसवणूक टळते.

भाजीपाल्याच्या बियाण्याच्या पाकिटावर जातीचें नांव, उगवणीची टक्केवारी, तपासणीची तारीख आणि मुदत छापलेली असावी. टोमॅटोच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के आणि भेंडीची ६५ टक्के असावी लागते. खात्री करण्याची रीत सोपी आहे. दहा बिया ओल्या फडक्यांत गुंडाळून उबदार जागीं ठेवाव्या आणि आठ-दहा दिवसांनीं मोजाव्या. सात उगवल्या तर बियाणें ठीक. दोनच उगवल्या तर पाकिटासह छायाचित्र काढून तक्रार करावी. २०२० च्या ग्राहक-संरक्षण नियमांप्रमाणें ऑनलाइन विक्री करणाऱ्यानें विक्रेत्याचें नांव व पत्ता दाखविला पाहिजे, तक्रारीची पोंच ४८ तासांत दिली पाहिजे, आणि एक महिन्याच्या आंत तिचें निवारण केलें पाहिजे. तेथें दाद न लागल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे फोन करावा. दहा रुपयांसाठीं कोण भांडतो, असें म्हणून आपण गप्प बसतों. अशा हजारों मौनांवरच लबाड विक्रेत्याचा संसार चालतो.

कीटकनाशक मागवितांना आणखी जपावें. त्याच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. तांबडा सर्वांत जहाल, त्याखालीं पिवळा, मग निळा, आणि शेवटीं हिरवा. ज्या घरांत लहान मुलें रांगतात, तेथें तांबड्या-पिवळ्या त्रिकोणाच्या वस्तूस प्रवेश देऊं नये.

चौथी गोष्ट आपल्या घरापुरती नसून देशाची आहे. २०२० सालीं अमेरिकेंतील हजारों लोकांना त्यांनीं न मागविलेल्या बियाण्यांचीं पाकिटें परदेशांतून आलीं; त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें आपल्या कृषि मंत्रालयानेंही अशा पाकिटांबद्दल सावधगिरीची सूचना दिली. परदेशांतून बी किंवा रोप आणावयाचें तर २००३ च्या आज्ञेप्रमाणें परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. ही सरकारी अडवणूक नव्हे. आज डोंगर व्यापणारी घाणेरी एके काळीं शोभेचें झुडूप म्हणूनच आणली गेली. पपईवरील पांढरा पिठ्या ढेकूण २००८ सालीं तामिळनाडूंत आढळला, आणि पुढें महाराष्ट्रांतील पपईच्या बागांपर्यंत पोंचला. त्यास आवरण्यासाठीं २०१० सालीं पोर्टो रिकोहून त्याचा शत्रु असलेला एक सूक्ष्म कीटक मुद्दाम आणावा लागला. एका पार्सलांतून शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घांसावर संकट येऊं शकतें. न मागतां आलेलें बी पेरूं नये आणि कचऱ्यांतही टाकूं नये. बंद ठेवून कृषि खात्यास कळवावें.

आतां मागविलेलें रोप दारांत आलें असें समजूं. तें तीन-चार दिवस अंधारांत प्रवास करून आलेलें असतें. त्यास एकदम उन्हांत ठेवूं नये आणि त्याच दिवशीं मोठ्या कुंडींतही हलवूं नये. पाणी देऊन आठवडाभर सावलींत विसांवा द्यावा. इतर कुंड्यांपासून दोन-तीन आठवडे दूर ठेवावें, आणि पानांच्या बगलेंत कापसासारखा पांढरा पुंजका दिसतो का, तें रोज पाहावें. पाहुण्याची चौकशी केल्याशिवाय त्यास माजघरांत नेऊं नये, हा नियम झाडांसही लागू आहे.

शेवटीं एक सांगावेंसें वाटतें. इंटरनेटवर सर्व जगाची माहिती आहे. पण आपल्या गच्चीवर डिसेंबरांत ऊन किती वाजतां येतें, आपल्या नळाच्या पाण्यानें मातीवर पांढरा थर धरतो कीं नाहीं, आपल्या गल्लींत मोगऱ्यास पहिली कळी केव्हां येते, हें तेथें कोठेंही लिहिलेलें नाहीं. तें आपणच लिहावयाचें आहे. एक वही करावी. पेरल्याची तारीख, उगवल्याची तारीख, नांव, कोणाकडून आणलें, आणि काय झालें, एवढ्या पांच रकान्यांची. दोन वर्षांत ती वही आपल्या पेठेपुरती कोणत्याही संकेतस्थळाहून अधिक उपयोगाची होईल. आणि बी जमलें म्हणजे चार बिया कागदाच्या पुडींत घालून, वर नांव व साल लिहून, शेजारच्या घरीं द्याव्या. त्या पुडीस टपालखर्च पडत नाहीं, आणि उगवली नाहीं तर तक्रार कोणाकडे करावयाची हेंही विचारावें लागत नाहीं.