घरच्या अंड्यांची पहिली पिले
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



परसात चारसहा कोंबड्या बाळगणारी कुटुंबे आपल्यांत आजही आहेत. घरच्या अंड्यांची पिले काढण्याचा पहिला प्रयत्न फसला, की दोष कोंबडीच्या माथी मारला जातो. आमच्या घरीही तसेच घडले. तो अनुभव आपणांपुढे ठेवीत आहे.

वैशाखात आमची एक कोंबडी खुडूक झाली. फडताळात पंधरा दिवस साठविलेली बारा अंडी आम्ही तिच्याखाली ठेविली. बिचारी २१ दिवस दाण्यापाण्यापुरतीच उठली. पण पदरी आले एकच पिलू. "ही पांढऱ्या पायाची, विकून टाका," असे घरात ठरले. शेजारच्या वृद्ध आजींनी मात्र विचारले, "ती बसण्यापूर्वी अंडी होती कुठे?"

त्या प्रश्नात सारे शास्त्र होते. कोंबडीखाली अंड्यास सुमारे ३७ ते ३८ अंशांची ऊब मिळते. परंतु २५ अंशांच्या वरही गर्भ मंदपणे वाढू लागतो. नागपूरचा मे महिना तर ४५ अंशांकडे झुकणारा! फडताळातील अंड्यांना ना पुरता गारवा, ना पुरती ऊब. त्यांतील जीव कोंबडी बसण्यापूर्वीच अर्धवट वाढून खचला होता.

कोंबडी विकली नाही. मार्गशीर्षात ती पुन्हा खुडूक झाली, तेव्हा आठवड्याच्या आतली, गार कोपऱ्यात ठेवलेली, न तडकलेली दहा अंडी तणसाच्या टोपलीत तिला दिली. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात आठ अंड्यांत लाल शिरांचे जाळे दिसले. दोन कोरी निघाली, ती काढली. विसाव्या दिवशी कवचाला पहिली चीर पडली. मुले ते सोलावयास धावली. त्यांस आवरावे लागले. आतल्या पडद्यातील रक्त तोवर आटलेले नसते. घाईने सोलल्यास पिलू दगावते. दुसऱ्या दिवशी सात पिले आईच्या पंखांतून डोकावू लागली.

पिलांना मानमोडीच्या, म्हणजेच राणीखेतच्या, लसीचे थेंब पहिल्या आठवड्यातच द्यावेत. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सल्ल्याची उणीव नाही.

शेवटी एकच सांगतो. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द आपल्या घरांत केवळ कोंबडीलाच लावला गेला, असे आपणांपैकी कोण छातीवर हात ठेवून म्हणेल? तो ओठांवर येण्यापूर्वी आजींचा प्रश्न आपण स्वतःस विचारावा, एवढीच विनंती.