छोटी आगगाडी आणि कोळशाचा मनोरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हस्तकलेवर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. विणकाम-भरतकामातील माझ्यापेक्षा जाणत्या भगिनी येथे बसलेल्या आहेत, म्हणून मी जरा निराळा विषय घेते. आमच्या घरी नातवाबरोबर मी छोटी आगगाडी मांडते. हे बायकांचे काम का, असे कोणी विचारील. पण आपण तर आगगाडीच्या अंगणातच राहणाऱ्या! 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आपल्या ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणास पोचले. आपल्या चुली आजही लोकलच्या वेळेवर पेटतात. हा छंद केवढा मोठा होऊ शकतो, हे पाहायचे असेल तर पुण्यास कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय मुलांना जरूर दाखवावे. ते 1998 साली सुरू झाले.

आज मी त्यातील एकाच वस्तूविषयी सांगणार आहे. ती म्हणजे कोळशाचा मनोरा. वाफेच्या इंजिनाच्या मागे जो टेंडर असे, त्यात कोळसा भरावा लागे. अमेरिकेत त्यासाठी रुळांवर उंच मनोरे बांधीत. कोळशाची वाघीण खड्ड्यावर रिकामी करायची, यंत्राच्या बादल्यांनी कोळसा वरच्या कोठीत चढवायचा आणि खाली इंजिन आले की झडप उघडून घसरणीवरून टेंडरमध्ये सोडायचा. इंग्लंडात काही ठिकाणी तर अख्खी वाघीणच वर उचलून पालथी करीत!

अशा मनोऱ्यांची किटे विकत मिळतात. अमेरिकेच्या वॉल्थर्स कंपनीची आहेत, जर्मनीच्या फालर कंपनीची आहेत. जर्मन पद्धतीत मनोऱ्याऐवजी लहानशी क्रेन आणि कोळशाचे कप्पे असतात. मुले चित्र पाहून सर्वांत मोठे किट मागतात. आपण मात्र घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न मापाचा. एचओ मापात सर्व वस्तू खऱ्याच्या 87 पट लहान असतात, एन मापात 160 पट. साठ फुटी मनोरा एचओमध्ये सुमारे 21 सेंटिमीटर, म्हणजे वीतभर होतो. एनमध्ये त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. सहा बाय चारच्या फळीवर वीतभर मनोरा उभा केला की स्टेशन त्यापुढे खेळण्यासारखे दिसते. दोन खोल्यांच्या घरात लहान किटच शोभते.

दुसरा प्रश्न सालाचा. 1930 पर्यंत कल्याणहून पुणे आणि इगतपुरी या दोन्ही बाजूंना विजेच्या तारा पोचल्या. त्यानंतर लांबच्या गाड्यांना वाफेचे इंजिन पुण्यास किंवा इगतपुरीस लागे. तेव्हा कोळसा भरणारे गजबजलेले कल्याण मांडायचे तर विजेच्या आधीचे साल धरावे.

तिसरा प्रश्न ठिकाणाचा. त्याकडे मी शेवटी येते.

आता जोडणी. सुटे भाग चौकटीतून हाताने मोडू नयेत, लहान कटरने कापावेत. कडा बारीक कानशीने घासाव्यात. डिंक लावण्यापूर्वी सर्व भाग एकदा कोरडेच जुळवून पाहावेत. ब्लाउज शिवण्यापूर्वी आपण टाचून पाहतो तसेच. प्लास्टिकचा डिंक थेंबभरच लावावा आणि तो लावताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, त्याचा वास चांगला नसतो. रंग चकचकीत नको. मनोरा फळीवर कायमचा बसवण्यापूर्वी घरातील प्रत्येक इंजिन त्याखालून नेऊन पाहावे, कारण घसरण अडली तर सारे उचकटावे लागते. कोळसा मात्र विकत घेऊ नका. खरा कोळसा कुटून पिठाच्या चाळणीने नव्हे, जुन्या चहाच्या गाळणीने चाळावा आणि पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलने चिकटवावा.

आता तिसरा प्रश्न: आपले स्टेशन कोणत्या देशातले? अमेरिकेत मजुरी महाग म्हणून यंत्रे आली. आपल्याकडे मजुरी स्वस्त होती. आपल्या पुष्कळ शेडांत कोळसा डोक्यावरच्या टोपल्यांतून चढत असे आणि त्या वाहणाऱ्यांत बायका होत्या. हिशेब करून पाहा. टोपलीत वीस किलो धरले, तर दहा टन कोळशाला पाचशे टोपल्या! एका इंजिनाला पाचशे वेळा फळीवरून चढणे आणि उतरणे.

माझ्या आजेसासूबाई घाटापलीकडच्या एका शेडात हेच काम करीत. मी सून म्हणून आले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. उन्हात फळी तापली की पाय ठेववत नसे आणि पावसात भिजलेली टोपली दुप्पट जड लागे, एवढेच त्या सांगत. त्यांचा एकही फोटो आमच्या घरात नाही. नातवाने विचारले, "आजी, त्यांची बाहुली किटमध्ये कुठे आहे?" ती कोणत्याच किटमध्ये नसते.

म्हणून आम्ही मनोरा घेतलाच नाही. पुठ्ठा आणि आइस्क्रीमच्या काड्या यांचा कोळशाचा ओटा केला, त्याला टेकून फळी लावली. पाच फुटांची बाई एचओ मापात पावणेदोन सेंटिमीटरची होते. ती तारेवर एम-सील चढवून साधते. टोपलीसाठी धण्याचे अर्धे टरफल घ्यावे, अगदी बेताचे बसते. अशा बारा बायका आम्ही केल्या. बाराही जणींची लुगडी निरनिराळ्या रंगांची आहेत.

भगिनींनो, ज्यांना मनोरा आवडतो त्यांनी तो अवश्य बांधावा. यंत्रही माणसाच्याच बुद्धीचे आहे. पण आपल्याकडची आगगाडी मांडाल तेव्हा त्या फळीवर एखादी टोपलीवाली जरूर ठेवा आणि ती कोण होती, हे मुलांना सांगा. खर्च काहीच नाही. धणे आपल्या डब्यात आहेतच.